डोस कमी करू

डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा ते पुष्पलताकडे बघतही नव्हते. मागच्या वेळचा कागद उलटा करून त्याच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. झोप लागते का, पोट साफ होतं का, या प्रश्नांच्याच ओघात त्यांनी विचारलं, "स्वभावात काही फरक? म्हणजे जुगार, लॉटरी, उगाचची खरेदी, बायकांच्या बाबतीत काही?" भगवंत शेजारच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरत होता आणि तो त्या हाताकडे असं बघत होता, जणू उत्तर त्या हातानं द्यायचं आहे. बाहेर पालघरच्या रस्त्यावर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं. पुष्पलतानं स्वतःचा आवाज ऐकला. "हो." डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय हो?" "बायकांच्या बाबतीत," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी मान वर केली, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, कीव नव्हती. मीटर बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा. "अच्छा. कंपवाताच्या या गोळीनं होतं काही जणांना. मेंदूत जे रसायन कमी पडतं त्याच्यासारखं काम ती करते, पण हातापायांपुरतं काम करून थांबत नाही. इच्छेचा ब्रेक सुटतो म्हणा. तुम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं?" कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी आधीच्या डॉक्टरांनी सुरू केली होती, आणि ते गाव सोडून गेले होते. "डोस कमी करू," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू. एकदम बंद करायची नाही. ताठरपणा थोडा वाढेल. बाकी ते कमी होईल." आणि त्यांनी घंटी दाबली.

ते. दिवाळीपासून जे तिच्या पोटात निखाऱ्यासारखं पडून होतं, जे तिनं माहेरी सांगितलं नव्हतं, शेजारी सांगितलं नव्हतं, नवऱ्याशीसुद्धा त्या एका संध्याकाळनंतर ज्याबद्दल ती बोलली नव्हती, ते म्हणजे एवढंच. बद्धकोष्ठाच्या आणि झोपेच्या मधलं. जिना उतरताना भगवंतनं कठड्याला धरलं आणि एकेक पायरी पाय टेकवत तो खाली आला. ती नेहमीप्रमाणे एक पायरी पुढे होती, तो पडला तर तिच्यावर पडावा म्हणून. स्टँडवर बोईसरची गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा तिनं त्याला दिली. उमरोळी मागे पडली. मग बाहेर बघतच तो म्हणाला, "ऐकलंस ना, डॉक्टर काय म्हणाले?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आजारानं हल्ली फारसा हलत नसे, डोळेसुद्धा कमी मिटत. पण त्या न हलणाऱ्या चेहऱ्याखालून काहीतरी मोकळं झालेलं तिला स्पष्ट दिसलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या आणि मग आत बोलावलेल्या मुलासारखा तो खिडकीत बसला होता. उरलेल्या रस्त्यात त्यानं टपरीवरच्या चहाविषयीही काहीतरी म्हटलं. तिला वाटलं, तेव्हा त्यानं केलं ते एक, आणि हे आत्ता चाललंय ते दुसरं. आणि या दुसऱ्याला कुठल्या गोळीचं नाव द्यायचं?

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी, ती तिसऱ्या मजल्यावर स्नेहलकडे ब्लाउजला हुक लावत बसली होती. स्नेहल मूळची सातपाटीची, कोळ्याघरची. नवरा बोटीवर असताना तापानं गेला, तेव्हा आईकडे न राहता ती बोईसरला आली आणि यांच्याच इमारतीच्या खाली तिनं शिवणाचं दुकान टाकलं. सात-आठ वर्षांची मैत्री. पुष्पलता जळगावकडची, हिला बोंबील साफ कसे करायचे ते स्नेहलनं शिकवलेलं, आणि स्नेहलला शेवभाजी हिनं. जवळच्या एका कंपनीत रात्री वायू सुटला आणि इमारतभर डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा दोघी ओले पदर तोंडाला लावून गच्चीत बसल्या होत्या आणि कशावरून तरी हसत सुटल्या होत्या. त्या दुपारी घरचं मशीन चालू होतं, स्नेहलचे दोन्ही हात कापडावर, आणि फोन वाजला. "बघ ना गं कोणाचा हाय, ती परकरवाली असंल," स्नेहल म्हणाली. पुष्पलतानं बोट लावलं. बोललेला निरोप होता. "जेवलीस का गं?" भगवंतचा आवाज. "ती खाली आली की येतो."

जेवलीस का. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस कंपनीतून येऊन ताटावर बसायचा आणि उठायचा. तू जेवलीस का, हे त्यानं तिला बाळंतपणातसुद्धा विचारलेलं तिला आठवत नव्हतं. पण ते सहन झालं असतं. खरं घुसलं ते 'ती'. आपल्या नवऱ्याच्या तोंडी आपण 'ती' झालो, आणि 'तू' दुसरीकडेच कुणी आहे. मशीन थांबलं होतं. पुष्पलतानं हातातला हुक पुरा लावला, दोरा दातांनी तोडला, ब्लाउज घडी करून ठेवला आणि ती खाली आली. त्या संध्याकाळी तिनं भगवंतला विचारलं, त्यानं मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी स्नेहलच्या दुकानाचं शटर उघडलं नाही. ती सातपाटीला आईकडे निघून गेली असं वॉचमननं सांगितलं.

डॉक्टरांकडून आल्यावर भगवंतनं स्वतःहून फोन केले. आधी बहिणीला, मग लेकीला. वास्तविक लेकीला काहीच माहीत नव्हतं. सुटका झाल्याच्या बातमीबरोबरच गुन्ह्याची बातमी तिला कळली. साखरबाई, त्याची थोरली बहीण, जळगावहून फोनवर मोठ्यानं म्हणाली, "त्याचं आजारपण होतं गं बाई, त्याला काय शुद्ध? पण त्या भवानीला काय धाड भरली होती? तिला कुठली गोळी होती?" पुष्पलतानं "हो ना" म्हटलं. म्हणताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही वाटली. रात्रीचं जेवण व्हायच्या आतच घरातला सगळा दोष उचलून सातपाटीला नेऊन ठेवलेला होता, आणि घर कसं सारवल्यासारखं स्वच्छ झालं होतं.

उत्कर्षा पुण्यात मानसशास्त्राचं शिकून एका दवाखान्यात समुपदेशनाचं काम करायची. ती आधी रडली, मग समजावायला लागली. "आई, ते बाबा नव्हते गं. ते मेंदूतलं डोपामाइन होतं." पुष्पलता ओट्याशी उभी होती, फोन कानाशी आणि खांदा वर. "माणूस म्हणजे तरी काय? आपल्याला वाटतं मी ठरवलं. प्रयोग केलेत लोकांनी. तू हात उचलायचं ठरवलंस असं तुला वाटतं, त्याच्या आधीच मेंदूत ती हालचाल सुरू झालेली असते. आपल्याला नंतर कळतं आणि आपण म्हणतो, मी केलं. दोष असा कुणाचाच नसतो तसा." पुष्पलतानं गॅसच्या बटणाकडे पाहिलं. हात उचलायचं तिनं ठरवलं आणि उचलला. की हात उचलला आणि मग ठरवलं? तिला खरंच सांगता येईना. दुसरीत असताना उत्कर्षानं वर्गातल्या मुलीचा खोडरबर आणला होता, आणि कुणी घेतला विचारल्यावर गंभीरपणे म्हणाली होती, "मी नाही घेतला, हातानं घेतला." भगवंत खूप हसला होता. पुष्पलता हसली नव्हती. "मी घेतला म्हण," असं म्हणत तिनं पोरीला दारात उभं केलं होतं, पोरगी हुंदके देत 'मी' म्हणेपर्यंत. आज ती पोर मोठ्या शहरातून सांगत होती की हातानंच घेतला होता. "मग उत्कर्षा," ती म्हणाली, "मी आता त्यांना भांडं फेकून मारलं, तर तोही माझा दोष नाही ना?" "आई, असं नको ना बोलू," उत्कर्षा म्हणाली.

डोस कमी झाला. आठवड्याभरात भगवंत पुन्हा पूर्वीसारखा व्हायला लागला, आणि तेव्हा पुष्पलताला तो दुसरा हिशेब सुचला, जो कुणीच तिला सांगितला नव्हता. गेल्या दीड-दोन वर्षांत हा माणूस गात होता. आंघोळीला जाताना, मटार सोलताना. रंगांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला, घरी आल्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरणारा माणूस एका रविवारी म्हणाला होता, चल, केळव्याला जाऊ. किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत त्यानं तिचा हात हातात घेतला होता, तो थरथरता हात, आणि म्हणाला होता, "तू छान दिसतेस अजून." ती लाजली होती. घरी येऊन आरशात बघितलं होतं. आजारानं माणूस मऊ झाला, देव एक दार लावतो तर एक उघडतो, असं काहीबाही तिनं मनाशी जुळवलं होतं आणि त्याच्यावर ती दोन वर्षं जगली होती. आता तो पुन्हा मुका झाला होता. ताट पुढे सरकवलं तर जेवत होता. म्हणजे स्नेहल जर गोळीची, तर केळवंही गोळीचं. ते छान दिसणंही. डॉक्टरांनी एका वाक्यात तिचा अपमान नेला होता, आणि त्याच वाक्यात तिचं सुखही उचलून नेलं होतं. तिला नीट रागावता येत नव्हतं की नीट आठवता येत नव्हतं. उरलं होतं ते आधीचं, ताट आणि वर्तमानपत्र. ते खरं. ते मात्र कुठल्याही औषधाशिवायचं होतं.

एका सकाळी, भगवंतला पोहे देऊन झाल्यावर, पालघरला जाऊन तिथून शेअर रिक्षात बसून ती सातपाटीला गेली. का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. पण शिरगाव मागे पडलं आणि सुक्या मासळीचा वास यायला लागला तसं तिच्या लक्षात आलं की ती रस्ताभर एकच वाक्य घोकतेय, आणि ते वाक्य धारदार आहे. स्नेहलचं घर समुद्राकडच्या गल्लीत होतं. समोरच्या मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली जाळ्यावर करंदी, ती बारीक कोळंबी, पसरलेली. स्नेहलची आई, काशीबाई, काठीनं कावळे हाकत बसली होती. तिनं पुष्पलताला ओळखलं. दोनदा तिच्या हातचं कालवण जेवली होती पुष्पलता. "ये बाय," म्हातारी म्हणाली. "पानी देव?" "नको." "भांडाला आली असंल तर भांड. आमी काय बोलनार नाय. तिचंच चुकलं हाय." आणि ती काठी टेकत उठली, शेजारणीच्या ओट्यावर जाऊन पाठ करून बसली.

स्नेहल आतून आली. बारीक झाली होती, केसांना तेल नव्हतं. दोघी बोंबलांच्या रांगेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पुष्पलता म्हणाली, "त्यांच्या गोळीनं तसं होतं. डॉक्टर म्हणाले. त्यांचं मन नव्हतं तुझ्यावर. गोळी होती ती. आता डोस कमी केलाय, आता काही नाही." रस्ताभर घोकलेलं वाक्य ते हेच, आणि ते लागलं. स्नेहलचा चेहरा हळूहळू बदलला. मासळी बाजारात ताजी म्हणून घेतलेली वस्तू घरी येऊन उघडावी, तसं तिनं काहीतरी मनात उघडून पाहिलं. "मंजे," ती म्हणाली, "जेवलीस का विचारायचा, ते पन गोळीच?" हेच तिला हवं होतं, आणि मिळाल्यावर हातात धरवेना. केळव्याहून आल्यावर आरशात बघणारी बाई तिला समोर दिसली.

"बरं," स्नेहल म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याला गोळी व्हती. मला नाय व्हती ना. मला कोन गोळी देनार? मी केलं, पुष्पा. मला ठाव व्हतं तू खाली काय करतेस त्या टायमाला. पोळ्या करायचीस. तुज्या पोळपाटाचा आवाज यायचा जिन्यात. तरी मी दार उगडलं. मला बरं वाटायचं कोनी विचारलं की. पन बरं वाटतं म्हनून माफ नाय होत."

मग पुष्पलता ओरडली. काय काय बोलली ते तिला नंतर सगळं आठवलं नाही. तुला घरात घेतलं, तुझ्या आजारपणात तुझे केस विंचरले, तुझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मी भात शिजवला. आणि मग अशा शिव्या ज्या तिनं जळगावला लहानपणी नळावर ऐकल्या होत्या आणि ज्या आपल्याला येतात हे तिला ठाऊक नव्हतं. काशीबाईनं मान वळवली नाही. स्नेहल उभी राहून ऐकत होती, एकाही शब्दाला आडवी आली नाही. मधे एकदा डोळे मिटले तेवढंच. शब्द संपल्यावर पुष्पलतानं बांबूला धरलं. दिवाळीपासून पहिल्यांदा तिला वाटलं की तिच्याशी कुणीतरी काहीतरी केलं आहे. कुणीतरी. तोंड असलेलं, नाव असलेलं माणूस. त्या बाईला ती माफ करणार नव्हती, त्या घरात पुन्हा पाणी पिणार नव्हती. पण वळताना तिला स्पष्ट वाटलं की या सगळ्यात तिची अब्रू राखली असेल तर ती स्नेहलनंच.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि हवेत कारखान्यांचा तो आंबट वास उतरला होता. भगवंत गॅलरीत खुर्चीवर बसला होता. दुपारचं ताट झाकलेलं तसंच. "कुठे गेली होतीस?" त्याचा आवाज आजारानं बारीक झाला होता. "सातपाटीला. स्नेहलकडे." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. "कशाला? झालं ना आता ते. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"ती म्हणाली, तिनं केलं," पुष्पलता म्हणाली. ती दारातच उभी होती, खांद्याची पिशवीही काढली नव्हती. "मी केलं, म्हणाली. तुमचं काय?"

"मला गोळी..."

"डॉक्टरांना नाही विचारत मी. उत्कर्षाला नाही. तुम्हाला विचारते."

खाली मुलं खेळत होती, कुणाची तरी आई हाका मारत होती. त्याला आधीसुद्धा शब्द चटकन सापडत नसत, आणि आजारानं तर प्रत्येक वाक्य लांबून ओढून आणावं लागे. म्हणून ती थांबली. तिला वाटलं, हा आता रडेल, आणि रडला तर मलाच याचे डोळे पुसावे लागतील. तो रडला नाही.

"पहिल्यांदा गेलो तेव्हा," तो म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर दमलो. तिथे जिन्याला खिडकी आहे. तिथे टेकलो. तू खाली दिसलीस. भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतीस. कोथिंबीर परत करत होतीस तू. पिवळी निघाली म्हणून." त्यानं ओठ ओले केले. "मला वाटलं, हाक मारावी. पुष्पा म्हणून. तू वर बघितलं असतंस, तर मी खाली आलो असतो. एवढं कळत होतं मला."

"मग?"

"नाही मारली."

"गोळीनं?"

हात मांडीवर हलत होता, तो त्याच्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. "वर जावंसं वाटत होतं ते गोळीनं असेल," तो म्हणाला. "मला नाही सांगता येत. पण हाक मारायला गोळी आडवी आली नव्हती. मीच नाही मारली. बरं वाटत होतं म्हणून नाही मारली."

तिला तो दिवस आठवला नाही. कोथिंबीर तर ती कितीदा परत करते. आपण खाली उन्हात उभ्या आहोत, वर खिडकीत आपला नवरा आपल्याला बघतोय आणि आपलं नाव त्याच्या तोंडात आहे, आणि तो ते गिळतोय. आणि आपण मान खाली घालून जुड्या चाळतोय. डॉक्टरांनी दिलेली सगळी सफाई, लेकीचे सगळे प्रयोग त्या एका खिडकीतून खाली पडले. आणि तरी या माणसाला ती ओळखत होती. ताटावर मुक्यानं बसणारा, कमी बोलणारा, पण खोटं न बोलणारा, हा तोच होता, गाणारा नव्हता.

"हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत? बहिणीला? पोरीला?"

"सुटत होतो ना मी," तो म्हणाला. "सुटावंसं वाटलं."

"बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली. "आता मला तुमच्यावर रागावता येईल."

त्यानं मान हलवली, किंवा ती आजारानं हलली. पुष्पलतानं पिशवी खुंटीला लावली, स्वयंपाकघरात गेली, झाकलेलं ताट मोरीत ओतलं आणि तिथेच ओट्याला पाठ लावून खाली बसली. मग ती रडली. मोठ्यानं, दार उघडं, इमारतीला ऐकू जाईल असं. गॅलरीतली खुर्ची एकदा करकरली, पुन्हा करकरली आणि गप्प झाली. तो उठून आत आला नाही. त्याला उठता आलं नाही की तो उठला नाही, हे तिनं त्या संध्याकाळी विचारलं नाही.